बोटांनी वाचायचे इंग्रजी

• रायपूरच्या मठपुरैना भागात दृष्टी व श्रवणबाधित मुलांची सरकारी शाळा आहे.

• दृष्टिबाधित मुले ब्रेल लिपी बोटांनी वाचतात; तिच्या एका घरात ६ ठिपके. भारतीय भाषांसाठीची भारती ब्रेल १९५१ पासून. त्यातील हिंदी ‘क’ आणि इंग्रजी ‘के’ यांची खूण एकच : ठिपके १ व ३.

• इंग्रजी ब्रेल दोन प्रकारचे. एकात अक्षर न् अक्षर लिहितात. दुसऱ्यात संक्षेप : एकटा ‘बी’ म्हणजे ‘बट’, एकटा ‘के’ म्हणजे ‘नॉलेज’. वाचन भरभर होते, पण अशा शब्दांचे स्पेलिंग बोटांखालून जातच नाही. ते वेगळे घोटून घ्यावे लागते.

• २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा : चष्म्यासह चांगल्या डोळ्याची नजर ३/६० हून कमी असल्यास अंधत्व; त्याहून बरी, पण ६/१८ च्या आत असल्यास अल्पदृष्टी. अल्पदृष्टीच्या मुलांना मोठा, ठळक टाइप.

• दृष्टिबाधित मुलांना लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा.