बोटांवरची अक्षरे

बोटांनी अक्षरे दाखवून मनोगत कळविण्याच्या विद्येला मराठीत करपल्लवी हे सुंदर नाव फार पूर्वीपासून आहे. परंतु ज्यांच्या कानांना शब्द कधी लाभलाच नाही, त्यांच्यासाठी ती विद्या शिक्षणाचे साधन कशी झाली, याचा माग काढू लागले असता आपण स्पेन देशात जाऊन पोहोचतो. तेथे ओन्या येथील मठात, जेथे मौनाच्या वेळी खुणांनी बोलण्याची वहिवाट होतीच, पेद्रो पोन्से दे लेओन या साधूने सोळाव्या शतकात सरदारघराण्यांतील बहिऱ्या मुलांना शिकविले. आणि पुढे एका मोठ्या सरदाराच्या पदरी चिटणीस असलेल्या हुआन पाब्लो बोनेत याने १६२० साली माद्रिद येथे छापविलेल्या ग्रंथात एका हाताची सबंध वर्णमाला कोरीव चित्रांसह प्रसिद्ध केली.

सरदारांच्या वाड्यांतील ही विद्या गरिबांच्या मुलांपर्यंत नेण्याचे श्रेय पॅरिसच्या आबे दे लेपे यांचे. त्यांच्या परंपरेत वाढलेल्या, स्वतः बहिऱ्या असलेल्या लोरां क्लेर यांच्या साहाय्याने १८१७ साली अमेरिकेत हार्टफर्ड येथे शाळा निघाली व एका हाताची लिपी तेथे रुजली. इंग्लंडात मात्र दोन्ही हातांची रीत पडली आणि तीच आपल्याकडेही आली: डावा पंजा उघडा धरून उजव्या तर्जनीने अंगठ्याचे टोक स्पर्शिले की ‘ए’, तर्जनीचे स्पर्शिले की ‘ई’, आणि याच क्रमाने करंगळीपर्यंत पाचही इंग्रजी स्वर. बहिऱ्यांच्या खुणांच्या भाषेत आई, घर, पाणी यांना स्वतंत्र खुणा असतात. परंतु परक्या गावाचे नाव सांगावयाचे, तर ते असे अक्षर-अक्षर जुळवावे लागते.

अशा या साधनावर १८८० साली मोठाच घाला आला. मिलान येथे भरलेल्या, बहिऱ्यांच्या शिक्षणावरील परिषदेत, जिथे बहुतेक सारे सदस्य ऐकू येणारे होते, वाचेनेच शिकवावे असा ठराव झाला. अनेक देशांच्या शाळांत हातांवर बंदीचा अंमल बसला आणि बहिरे शिक्षक नोकरीला मुकले. तथापि वर्गात मांडीवर दाबून ठेवलेले हात मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहात पुनः बोलू लागत, आणि थोरल्यांकडून धाकट्यांकडे ही भाषा जात राहिली. १९६० साली भाषाभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकन खुणांना स्वतःची रचना आहे हे दाखवून दिले. २०१० साली बहिऱ्यांच्या शिक्षणावरीलच व्हँकूव्हरच्या परिषदेने मिलानचे ठराव नामंजूर करून खेद व्यक्त केला.

या एकशे तीस वर्षांत ही विद्या जिवंत राहिली, त्याचे ऋण मला कोणत्याही ठरावापेक्षा त्या वसतिगृहांतील मुलांचे अधिक वाटते.