पत्त्यातली तुळस

लखनौच्या रायबरेली रस्त्यावर उत्तर प्रदेश आवास विकास परिषदेने वसवलेली वसाहत म्हणजे वृंदावन योजना. फेब्रुवारी २०२० मध्ये 'डिफेन्स एक्स्पो' हे संरक्षण प्रदर्शन इथेच, सेक्टर १५ मध्ये भरले होते.

वृंदा म्हणजे तुळस. वृंदावन म्हणजे तुळशीचे बन. हिंदी भाषकाला या नावात कृष्णाचे गाव दिसते. मराठी माणसाला मात्र आधी अंगण दिसते: मातीचा किंवा दगडी चौथरा, दिव्यासाठी कोनाडा, वर मंजिऱ्यांनी लवलेली तुळस. जुन्या मराठीत 'कडू वृंदावन' हे एका कडू फळाचेही नाव आहे!

लखनौतल्या इतर नावांतही असे अर्थ दडले आहेत: वृंदावन योजनेशेजारचा तेलीबाग तेल्यांची आठवण ठेवतो, तर चारबाग चार बागांची. लखनौचा संबंध परंपरा लक्ष्मणाशी जोडते. दूरच्या शहरांच्या नावांतही असे अर्थ सापडतात: इटलीतले नेपल्स हे नाव मूळच्या ग्रीक 'नेआपोलिस'वरून आले, म्हणजे नवे शहर. आपल्या नवी मुंबईचे सख्खे भावंडच ते.

मला 'वृंदावन योजना' या नावात 'योजना' हा शब्द फार मोलाचा वाटतो. सरकारी कागदावरचा शब्द इथे गावाच्या नावाचा भाग झाला. घरे बांधून झाली, माणसे राहायला आली, तरी पत्त्यात आजही 'वृंदावन योजना' असेच लिहितात.