लग्न झालं, पण संसाराचा पुरावा काय?

मागच्या व्याख्यानात आपण अनुमानाविषयी बोललो. ते संपल्यावर एका आजोबांनी मला दारातच गाठलं. म्हणाले, "सर, तुमचा धूर आणि अग्नी कळला. पण आमच्या नातसुनेचं ग्रीन कार्ड अडकलंय, तिथे याचा काही उपयोग आहे का?" मी हसलो खरा, पण घरी जाता जाता वाटलं, उपयोग आहे. कारण आमच्या स्वतःच्या घरात हे होऊन गेलंय. म्हणून आज एवढाच प्रश्न घेऊ. अमेरिकेचा नागरिक आपल्या परदेशी जोडीदारासाठी कायम वास्तव्याचा परवाना मागतो, तेव्हा तिथलं सरकार नेमकं काय तपासतं?

आधी रस्ता समजून घेऊ. नागरिक असलेला जोडीदार आय-१३० नावाचा अर्ज करतो. नागरिकाच्या पती-पत्नीसाठी व्हिसांच्या वार्षिक संख्येची मर्यादा नाही, त्यामुळे वेळ लागतो तो फक्त तपासणीचा. अर्ज करणारा स्वतः नुसता ग्रीन कार्डधारक असेल, तर मात्र मर्यादा लागू होते आणि रांगेत थांबावं लागू शकतं. अर्ज मंजूर झाला की कागद नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातात आणि आपल्याकडच्या मुलीची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. फी आणि मुदती सतत बदलतात, त्या सरकारी संकेतस्थळावरच बघाव्यात.

आता आमच्या घरची गोष्ट. माझा पुतण्या न्यू जर्सीत असतो, तिथला नागरिक आहे. त्याचं लग्न सांगलीत झालं, रीतसर ठरवून. तीन आठवड्यांनी तो परत गेला आणि सूनबाई माझ्या भावाकडे, सासरी राहिली. अर्जासोबत यांनी काय जोडलं? विवाह नोंदणीचा दाखला, पत्रिका आणि तीनशे फोटो! हळदीचे, सप्तपदीचे, स्टेजवर पाकीट देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचे. काही महिन्यांनी तिकडून पत्र आलं, की आणखी पुरावा द्या. भाऊ चिडला. "तीनशे फोटो दिले, अजून काय पाहिजे?"

इथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते. आपल्याकडे दोन शब्द आहेत, लग्न आणि संसार. तीनशे फोटोंनी लग्न सिद्ध होतं, संसार होत नाही. आणि तिकडचा कायदा विचारतो संसाराविषयी. १९५३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात लुटवाक खटला झाला. महायुद्धानंतर सैनिकांच्या परदेशी पत्नींना प्रवेश सोपा व्हावा म्हणून १९४५ मध्ये एक कायदा झाला होता. त्याचा फायदा घेण्यासाठी काही माजी सैनिकांनी पॅरिसमध्ये लग्नं केली, पण एकत्र राहायचा विचारच नव्हता. न्यायालय म्हणालं, विधी वैध होता की नाही हा इथे मुद्दाच नाही, मुद्दा आहे एकत्र आयुष्य उभं करण्याच्या हेतूचा.

पण हेतू डोळ्यांना दिसतो का? नाही. म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण संपलं, उरलं अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, त्यावरून आपण अग्नी ओळखतो. तसा अधिकारी वागण्यावरून हेतू ओळखतो. एकत्र घरभाडं, सामाईक खातं, विम्यावर नाव, एकमेकांकडे केलेला प्रवास, हा सगळा धूर. आणि शंभर टक्के खात्री लागत नाही बरं का. हे लग्न खरं असण्याचीच शक्यता जास्त आहे, एवढं पटवावं लागतं.

यात दोन धोके आहेत. दोन्ही आपल्या नैयायिकांनी सांगून ठेवलेत. पहिला, धुकं हे धूर समजणं. काही लोक पुरावे तयार करतात. खातं उघडायचं आणि व्यवहार एकही नाही, भाडेकरार करायचा आणि राहायचं दुसरीकडे. हे उघडकीला आलं तर केवळ अर्ज बाद होत नाही. खोट्या लग्नाचा ठपका बसला, की त्या व्यक्तीसाठी पुढे केलेला कुठलाही कौटुंबिक अर्ज मंजूर होत नाही, पुढचं लग्न अगदी खरं असलं तरी. शिवाय पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

दुसरा धोका आपल्या लोकांना जास्त लागू पडतो. न्यायात तापलेल्या लोखंडी गोळ्याचं उदाहरण येतं. त्यात अग्नी आहे, पण धूर नाही. एकत्र कुटुंबातला संसार असाच असतो. घर सासऱ्यांच्या नावावर, वीजबिल सासऱ्यांच्या नावावर, मुलगी घरात राहते पण तिचं नाव एकाही कागदावर नाही. संसार खरा, पण धूर कुठेच नाही.

मग आम्ही काय केलं? नवीन काही बनवलं नाही, होतं ते शोधलं. पुतण्या मध्ये महिनाभर येऊन गेला होता, त्याचे बोर्डिंग पास. तिच्या खात्यात तो पाठवत होता त्या पैशांची पासबुकातली नोंद. त्याच्या विम्यात वारस म्हणून तिचं नाव. आणि एक कागद माझ्या वहिनींच्या पिशवीत सापडला. त्यांच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी रुग्णालयाच्या फॉर्मवर 'सोबतचे नातेवाईक' या रकान्यात सूनबाईची सही होती, नातं 'सून'. मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं, ते जोडलं.

नावाचाही घोळ होता. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत ताटातल्या तांदळात नवीन नावही लिहितात. अर्जात आजवर वापरलेली सगळी नावं विचारतात. ती सगळी लिहावीत, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

मग प्रतिज्ञापत्र द्यायची पाळी माझ्यावर आली. मी लिहिलं, "हे एक आदर्श दांपत्य असून..." वकीलबाईंनी सरळ काट मारली. म्हणाल्या, "सर, मत नको. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा." चाळीस वर्षं मी मुलांना हेच शिकवत होतो! मग लिहिलं, की मी दिवाळीत चार दिवस तिथे होतो. सकाळी साडेसातला त्याचा फोन यायचा. ती फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची आणि बोलत बोलत सगळ्यांचा चहा करायची.

आणखी दोन गोष्टी सांगतो, कारण यात माणसं अडकतात. पहिली, आय-८६४. जोडीदाराला आधार देण्याची ही हमी आहे आणि ती घटस्फोटाने संपत नाही. सही करण्यापूर्वी मुलाने ती नीट वाचावी.

दुसरी गोष्ट मुलींच्या आईवडिलांसाठी. कायम वास्तव्य मिळतं त्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर कार्ड दोन वर्षांचं, सशर्त मिळतं. ही १९८६ च्या कायद्याची तरतूद. मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१ अर्ज करायचा असतो. या 'दोघांनी मिळून'चा काही नवरे धाक घालतात, "तुझं कार्ड माझ्या हातात आहे." तसं नाही. मारहाण, छळ होत असेल, किंवा खऱ्या हेतूने केलेलं लग्न मोडलं असेल, तर तिला एकटीला अर्ज करता येतो. ही माहिती मुलीला विमानात बसण्यापूर्वी द्या. १९७५ च्या बार्क खटल्यात एका अपील न्यायालयाने म्हटलंय, की परदेशी माणसाचं लग्न नागरिकांच्या लग्नापेक्षा जास्त यशस्वी असावं अशी अट घालता येणार नाही. प्रश्न लग्न करतानाच्या हेतूचा आहे. संसार मोडला म्हणजे तो मुळात खोटा होता, हे अनुमान चूक आहे.

मुलाखतीच्या आदल्या रात्री माझा भाऊ तिच्याकडून उत्तरं पाठ करून घेत होता. सकाळी अधिकाऱ्याने विचारलं, नवरा नाश्त्याला काय खातो? पाठ केलेल्यात हे नव्हतं. ती म्हणाली, "माहीत नाही. आम्ही एकत्र फक्त सात आठवडे राहिलोय. पण आमची सकाळ म्हणजे त्याची रात्र, त्यामुळे रात्री तो काय जेवतो ते रोज बघते. बहुतेक वेळा खिचडी, आणि ती खाली लागलेली."

अधिकाऱ्याने पुढे फारसं काही विचारलं नाही. चौदा महिन्यांनी ती गेली.

त्या आजोबांना मी एवढंच सांगेन. नातवाला विचारा, फाइलमध्ये लग्न किती आहे आणि संसार किती. आता प्रश्न असतील तर घेऊ.