लिंकन यांच्यानंतरचा कापूस

यवतमाळला लागूनच असलेल्या लोहाऱ्याच्या शिवारात दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली, की एकच प्रश्न असतो : यंदा भाव काय निघेल? त्याचं उत्तर वऱ्हाडाबाहेर ठरतं, आणि हे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आलं आहे.

1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली. ब्रिटिश गिरण्यांचा तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून येई. तो अडताच खरेदीदार मुंबईकडे वळले. आपला कापूस आखूड धाग्याचा, त्यात कचरा फार, म्हणून एरवी नाक मुरडणाऱ्यांनी तोही चढ्या भावाने उचलला. मुंबईत पैशाचा पूर आला. दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या काळातला मुंबईतला शेअरचा सट्टा याच पैशावर उभा होता.

9 एप्रिल 1865 रोजी दक्षिणेचे सेनापती ली शरण आले. 14 एप्रिलला लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्या मागे आलेले अँड्र्यू जॉन्सन आणि तिथली काँग्रेस यांच्यात जुंपली; 1868 मध्ये महाभियोगातून जॉन्सन एका मताने वाचले. दक्षिणेत मळे उजाड झाले होते. सुमारे 40 लाख गुलाम मुक्त झाले होते आणि मजुरीची नवी घडी बसायची होती. कापसाचं पीक सावरायला वर्षं लागली. पण भाव त्याआधीच कोसळले होते. ते पाडले युद्ध संपल्याने. माल येण्याआधी, तो येणार या बातमीनेच. 1 जुलै 1865 हा मुंबईत वायदे पुरे करण्याचा दिवस. त्या दिवशी अनेकांचं दिवाळं निघालं. बँक ऑफ बॉम्बेही 1868 मध्ये गुंडाळावी लागली.

तेजीच्या भरवशावर काढलेलं कर्ज मात्र भावाबरोबर उतरत नाही. 1875 मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले, त्यामागे ही मंदीही होती.

दीडशे वर्षांनंतरही भाव बाहेरच ठरतो. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. त्याच महिन्यात केंद्राने कापडउद्योगाला दिलासा म्हणून कापसावरचं 11 टक्के आयातशुल्क उठवलं आणि ही सवलत पुढे डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. नेमकी वेचणीची वेळ! लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8,110 रुपये हमीभाव जाहीर होता. पण ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला, की कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (सीसीआय) ही सरकारी खरेदी संस्था माल घेत नाही. मग घरी आलेल्या व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावात द्यावा लागतो.

वॉशिंग्टनमध्ये कोण येईल, कोण जाईल, हे आपल्या हातात नाही. आवकेच्या महिन्यांत आयात खुली न करणं आणि पहिल्या वेचणीआधी खरेदी केंद्रं उघडणं मात्र आपल्याच सरकारच्या हातात आहे. ते त्याने करावं.