मे महिन्यातली शाळा : स्वमग्न मुलं आणि सुट्टीचा प्रश्न

आमच्या घोटावड्यात मे महिना म्हणजे गजबज. पुण्या-मुंबईला राहणारी मंडळी गावी येतात, लग्नांचे मांडव पडतात, चैत्रात सुरू झालेल्या आसपासच्या जत्रा अजून चालू असतात आणि घरात माणसं मावत नाहीत म्हणून पोरं ओट्यावर झोपतात. शाळेला कुलूप असतं आणि त्याबद्दल कोणाचीच तक्रार नसते. माझीही नव्हती. या महिन्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला मला लावलं ते माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलानं.

तो स्वमग्न आहे. दुसरीत असताना वर्षभराच्या खटपटीनंतर तो तीन गोष्टी शिकला. दप्तर ठरलेल्या खुंटीला अडकवणं, खिचडीच्या रांगेत ताट घेऊन उभं राहणं आणि लघवीला जायचं असेल तर बाईंचा हात धरणं. तो बोलत नाही, त्यामुळे या तिसऱ्या गोष्टीचं मोल घरच्यांनाच कळेल. ती शिकायला त्याला सात महिने लागले. बहीण एका वहीत तारखा लिहून ठेवायची, म्हणून हे नक्की सांगता येतं. एप्रिलअखेर तिन्ही गोष्टी रोज होत होत्या. जूनच्या मध्याला शाळा उघडली, तेव्हा तो फाटकातून आतच जाईना. पंधरा दिवसांनी आत गेला, तर खुंटी ओळखीची राहिली नव्हती. बाईंचा हात धरणं पुन्हा जमलं ते दिवाळीच्या तोंडावर. आणि मग दिवाळीची सुट्टी लागली.

मी डॉक्टर नाही. मानसशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. पिरंगुटच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझी वर्षं गेली. वाचनाची सवय मात्र लहानपणापासूनची. हे फक्त आमच्याच मुलाचं आहे, की जगात कोणी याचा विचार केला आहे, एवढा एक प्रश्न घेऊन मी वाचायला बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आधी शब्दाबद्दल. स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'ऑटिझम' हा शब्द घडवला, तोही लहान मुलांसाठी नव्हे, तर स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी. ग्रीक 'ऑटोस' म्हणजे स्वतः. त्यावरून मराठीत स्वमग्नता, आत्ममग्नता हे शब्द आले. शब्द देखणे आहेत, पण थोडे फसवे आहेत. मग्न म्हटलं की कोणीतरी आनंदात बुडून बसलंय असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात हे मूल बाहेरचं जग ऐकत नसतं असं नाही. पुष्कळदा ते जास्तच ऐकत असतं. मिक्सर, डीजे, कुकरची शिट्टी आणि चार माणसांचं बोलणं त्याच्या कानावर एकाच जोरानं आदळतं. मग ते कान झाकतं, आणि आपण म्हणतो, आपल्यातच दंग आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरला काम करणारे डॉक्टर लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची हकीगत प्रसिद्ध केली : आठ मुलगे, तीन मुली. त्याआधी रशियात डॉ. ग्रुन्या सुखारेवा यांनी १९२५-२६च्या सुमारास अशाच सहा मुलांचं वर्णन केलं होतं, पण त्याकडे जगाचं लक्ष उशिरा गेलं. कॅनर यांच्या निरीक्षणातली एक गोष्ट माझ्या प्रश्नाला थेट भिडणारी होती. या मुलांना सगळं होतं तसंच राहायला हवं असतं, आणि त्यात बदल झाला की ती हवालदिल होतात.

यामागचं कारण साध्या भाषेत असं सांगता येईल. आपण एक गोष्ट एका ठिकाणी शिकलो की ती दुसरीकडे आपोआप वापरतो. एका खुंटीला पिशवी अडकवता आली, तर सगळ्या खुंट्यांना आली. स्वमग्न मुलाचं शिकणं पुष्कळदा त्या जागेला, त्या वेळेला आणि त्या माणसाला बांधलेलं असतं. 'नऊच्या घंटेनंतर, निळ्या दारामागच्या, बाईंच्या शेजारच्या खुंटीला दप्तर' ही सगळी मिळून एक गोष्ट असते. तिच्यातली घंटा काढली, की उरलेलं सुटं होऊन पडतं. सुट्टीत तर घंटा, दार आणि बाई तिन्ही जातात. त्यात आमच्याकडची सुट्टी दुहेरी बदल घेऊन येते. एकीकडे शाळा बंद होते, दुसरीकडे घरही पूर्वीचं राहत नाही. पाहुणे येतात, झोपायची जागा बदलते, रात्री उशिरापर्यंत कर्णे वाजतात. ज्याला आपण विसावा म्हणतो, तो या मुलासाठी वर्षातला सर्वांत अनिश्चित काळ असतो.

हा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला होता, हे वाचून मी चकित झालो. अपंग मुलांना मोफत आणि योग्य शिक्षण देण्याचा कायदा तिथे १९७५ साली झाला. पेनसिल्व्हेनिया राज्यात मात्र वर्षाला १८० दिवसांपलीकडे शाळा कोणालाच द्यायची नाही, असा शिरस्ता होता. गंभीर अपंगत्व असलेल्या मुलांच्या पालकांचं म्हणणं असं, की लांब सुट्टीत मूल शिकलेलं गमावतं आणि ते परत मिळवण्यात पुढचं वर्ष जातं. मग १८० दिवसांचं शिक्षण त्याच्यापुरतं योग्य कसं? १९७९ साली 'आर्मस्ट्राँग विरुद्ध क्लाइन' या खटल्यात फेडरल न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. दिवसांची सरसकट मर्यादा कायद्याशी विसंगत आहे, प्रत्येक मुलाची गरज वेगळी बघावी लागेल, असा त्याचा आशय. त्यातून वाढीव शालेय वर्षाची कल्पना रुजली आणि पुढे ती केंद्राच्या नियमांतही आली. उन्हाळी शाळा कोणाला द्यायची हे ठरवताना प्रामुख्यानं दोन गोष्टी बघतात. सुट्टीत मूल किती मागं गेलं आणि ते भरून काढायला त्याला किती वेळ लागला.

हे वाचलं तेव्हा मला बहिणीची वही आठवली. ती नेमकं हेच लिहीत होती. तिकडे ती वही पुरावा ठरली असती.

आता आपल्याकडे वळू. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व मोजलं होतं, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं ती पहिल्यांदा नावानिशी आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारांत तिला स्थान दिलं आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०११च्या जनगणनेत मात्र स्वमग्नतेचा वेगळा रकानाच नव्हता. किती मुलं आहेत याचा अंदाज २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीतून येतो. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी २ ते ९ वर्षांची जवळपास चार हजार मुलं तपासली, तेव्हा शंभरात एकाहून थोडी जास्त मुलं स्वमग्न आढळली. म्हणजे दोन-तीनशे मुलांच्या कोणत्याही गावात असं एखाददुसरं मूल असणारच. फक्त त्याला गावात 'हट्टी', 'मुकं' किंवा 'बाहेरचं लागलेलं' असं दुसरं काहीतरी नाव असतं.

सोयी नाहीत असंही नाही. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचं असतं. शंका आली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. निदानासाठी सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेनं तयार केलेली भारतीय मापनपट्टी आहे. तिच्यात ४० मुद्दे असून गुण ७० किंवा जास्त आले तर स्वमग्नता धरतात. त्यावरून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्यविमा आहे आणि त्यात उपचारपद्धतींचा खर्चही येतो. समग्र शिक्षा अभियानातून विशेष शिक्षक शाळेत येतात. ज्यांच्या घरी असं मूल आहे आणि कागद अजून झालेले नाहीत, त्यांनी हे आधी करून घ्यावं.

पण या सगळ्या सोयींमध्ये मे महिना कुठेच नाही. शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगतो. उरलेल्या दिवसांत स्वमग्न मुलाचं काय, यावर कायदा गप्प आहे. शहरातल्या खासगी केंद्रांत उन्हाळी वर्ग चालतात. मात्र घोटावड्याहून हिंजवडीच्या गर्दीतून तिथे जाऊन पाऊण तासाची वाचा-उपचाराची बैठक घेऊन परत यायचं, म्हणजे आईचा एक आख्खा दिवस गेला आणि मजुरी बुडाली. आठवड्यातून दोनदा हे कोणाला परवडतं?

मग तज्ज्ञ नसलेल्या माणसाला काही करता येतं का? याचं उत्तर मला गोव्यातून मिळालं. गोव्यातली 'संगत' ही संस्था आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे मिळून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आले. २ ते ९ वर्षांची ६५ मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी त्यांची विभागणी केली. ३२ मुलांच्या पालकांना नेहमीच्या उपचारांबरोबर हे नवं साहाय्य दिलं, ३३ जणांचे नेहमीचे उपचार चालू ठेवले. साहाय्य करणारे डॉक्टर नव्हते, तर शिकवून तयार केलेले आरोग्य कार्यकर्ते होते. ते आई आणि मूल खेळत असतानाचं चित्रण करत आणि मग आईबरोबर बसून ते बघत : इथे मुलानं बघितलं, इथे तुम्ही थांबलात, म्हणून त्यानं पुढाकार घेतला. अशा बारा बैठका. मुलाच्या कलानं प्रतिसाद देणं पालकांना जमू लागलं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. सगळंच सुधारलं असं नाही; दोघांनी एकत्र लक्ष देण्याचा वेळ उलट कमी भरला. पण शिकवलेला साधा माणूस आणि मुलाची आई मिळून काही घडवू शकतात, एवढं त्यातून दिसलं.

त्या आधारावर पुढच्या मे महिन्यात आम्ही शाळेच्याच व्हरांड्यात, परवानगी घेऊन, रोज नऊ ते साडेदहा बसायचं ठरवलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात एरिक शॉप्लर यांनी १९७२ पासून राबवलेल्या पद्धतीत चित्रांच्या वेळापत्रकाला मोठं स्थान आहे. ऐकलेला शब्द विरून जातो, चित्र समोर राहतं, हे त्यामागचं तत्त्व. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला आम्ही खुंटी, ताट आणि नळ यांचे फोटो चिकटवले, दोरीवर डावीकडून उजवीकडे लावले. काम झालं की कार्ड काढून रिकाम्या डब्यात टाकायचं. नवीन काहीच शिकवायचं नाही, आहे ते टिकवायचं. आठवीतली पुतणी घंटा वाजवायची आणि खिचडी वाढायची. वाडीवरचं आणखी एक मूल येत होतं. घरात लग्न निघालं आणि आठ दिवसांनी त्याचं येणं थांबलं. आमचेही दिवस बुडाले. त्रेचाळीसपैकी सव्वीस भरले.

जूनमध्ये भाचा फाटकाशी चार दिवस अडला. खुंटी आणि रांग टिकली होती. बाईंचा हात धरणं तीन आठवड्यांत परत आलं. आदल्या वर्षी त्याला जवळजवळ पाच महिने लागले होते. एका मुलावरून सिद्धांत होत नाही, आणि मधल्या वर्षात तो मोठाही झाला होता. ही तज्ज्ञांची जागा घेणारी गोष्ट नाही, हेही मला कळतं. पण वहीतल्या तारखा खोट्या नाहीत.

दुपारनंतर त्याला आम्ही मोकळं सोडायचो. त्याला वस्तू ओळीत लावायचा नाद आहे. चपला, वाट्या, दगड, काहीही. मे महिन्यात आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजतात. त्याचे वडील शेणी टाकत होते, तर हा मागून येऊन त्या सरळ ओळीत लावू लागला. वडिलांनी आधी ओरडून पाहिलं, मग शेणीची पाटीच त्याच्यापुढे ठेवली. राब वेळेत लागून झाला.

कॅनर यांच्या अकरा मुलांतला पहिला, डॉनल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट या लहान गावचा. त्याला काही वर्षं जवळच्याच एका शेतकरी जोडप्याकडे ठेवलं होतं. १९४५च्या मे महिन्यात कॅनर तिथे गेले आणि त्या जोडप्याचं शहाणपण बघून थक्क झाले. मुलगा मक्याच्या ओळी पुन्हापुन्हा मोजायचा, तर त्यांनी त्याला नांगर धरून मोजायला लावलं. मोजमापाचा नाद होता, तर विहीर खणायला आणि तिची खोली सांगायला लावलं. तो गावातल्या शाळेत जायचा आणि तिथे त्याचं वेगळेपण चालवून घेतलं जायचं. पुढे तो महाविद्यालयात शिकला, गावच्या बँकेत नोकरीला लागला आणि २०२३ साली वारला, तोवर गावानं त्याला आपलं मानलं होतं.

त्या शेतकऱ्यानं स्वमग्नतेवर एक ओळही वाचलेली नसणार. वाचायला तेव्हा काही फारसं नव्हतंच. आपल्याकडे आता कायदा आहे, मापनपट्टी आहे, कार्ड आहे. राहिले आहेत ते सुट्टीतले चाळीस-पंचेचाळीस दिवस. तालुक्याच्या विशेष शिक्षकाचं आठवड्याला दोन वेळा येणं, शाळेचा एक व्हरांडा उघडा ठेवणं आणि त्या दिवसांचं मानधन एवढं जरी नियमात बसलं, तरी पुष्कळ मुलांचं वर्ष वाचेल.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असेल. बहिणीनं कार्डांची दोरी पुन्हा बांधली आहे. या वेळी त्यात एक कार्ड वाढलं आहे : फटाक्यांचा आवाज सुरू झाला की आतल्या खोलीत जायचं.