'गो'चं 'वेंट' का होतं?



इंग्रजीच्या तासाला हा प्रश्न कधी ना कधी येतोच. वॉकचं वॉक्ड होतं, प्लेचं प्लेड होतं, मग गोचं 'गोएड' का नाही? "ते तसंच असतं, पाठ कर," असं सांगून आपण पुढे जातो. पण याला खरंच उत्तर आहे.

'गो' हे जुन्या इंग्रजीतलं 'गान', म्हणजे जाणे, चालणे. त्याचा भूतकाळ तेव्हाही वेगळाच होता : 'एओडे'. त्याच काळात 'वेंड' असं दुसरं क्रियापद होतं. अर्थ वळणे, वाटेने जाणे. सेंडचं सेंट, तसं वेंडचं वेंट. पुढे एओडे मागे पडलं आणि साधारण १५ व्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडमध्ये वेंट हाच गोचा भूतकाळ म्हणून रुळला. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र गोपासूनच 'गेड' असं रूप तयार झालं. म्हणजे मुलांचं 'गोएड' काही जगावेगळं नाही!

आता आपली मराठी पाहा. मी जातो, पण काल गेलो. 'जालो' का नाही? कारण 'जातो' आलं संस्कृतच्या 'या' धातूपासून (याति) आणि 'गेलो' आलं 'गम्'पासून (गत). इथेही दोन धातूंचा एकच संसार!

अर्थाच्या बाबतीतही 'गो' फक्त जाण्यापुरतं नाही :

१) होणे, बिघडणे : द मिल्क वेंट बॅड. (दूध नासलं.)
२) चालू असणे : द क्लॉक इज गोइंग. (घड्याळ चालू आहे.)
३) शोभणे, जुळणे : धिस शर्ट गोज विथ दॅट पँट. (हा शर्ट त्या पँटवर शोभतो.)
४) पुढे करणार असणे : आय अॅम गोइंग टू रीड. (मी वाचणार आहे.) इथे कुठे जायचंच नाहीये!

म्हणून 'गो म्हणजे जाणे' एवढंच वहीत लिहून देऊ नका. अर्थ वाक्यातून कळू द्या.

आणि एक महत्त्वाचं. लहान मूल मराठीत "मी करलं" म्हणतं, तेव्हा आपण रागावतो का? हसून "केलं" म्हणतो, आणि ते शिकतं. 'गोएड'चंही तसंच आहे. ते रूप मुलाने कुठे ऐकलेलं नसतं, नियम ओळखून स्वतः बनवलेलं असतं. तिथे लाल शेरा मारला, सगळे हसले, तर पुढच्या वेळी ते मूल इंग्रजीत तोंडच उघडणार नाही. त्यापेक्षा "ओह, यू वेंट टू द मार्केट?" असं सहज म्हणा आणि गप्पा पुढे चालू ठेवा.

उद्या वर्गात एवढंच करा : फळ्यावर 'जातो–गेलो' आणि 'गो–वेंट' शेजारी शेजारी लिहा. साम्य मुलांनाच शोधू द्या.