वगारीची पारख

महालक्ष्मीच्या मैदानावर धावणाऱ्या तरुण घोड्याचे मोल ठरविताना जाणकार मंडळी तीन गोष्टी पाहतात : त्याचे कूळ, त्याचा बांधा आणि दिवसेंदिवस होत असलेली त्याची प्रगती. केवळ अंगावरील तकाकीवर ती विसंबत नाहीत. म्हशीच्या वगारीकडे मात्र या दृष्टीने क्वचितच पाहिले जाते.

मुंबईच्या तबेल्यांत या उपेक्षेची किंमत फार मोठी होती. दूरदूरच्या प्रांतांतून उत्तम दुभत्या म्हशी तेथे आणल्या जात. दूध विकावयाचे म्हणून पारडू उपाशी राही आणि म्हैस भाकड झाली की खाटकाकडे जाई. अशा रीतीने चांगले वाणच खुंटे. शहरातील जनावरे बाहेर हलविण्यासाठी १९४९ साली गोरेगावजवळ आरे दुग्ध वसाहत वसविण्यात आली. तथापि गोठा कितीही चांगला असला तरी वगार निवडण्याचे व वाढविण्याचे काम मालकालाच करावे लागते.

कूळ : वगारीच्या आईने मागील वेतात किती दूध दिले आणि ती किती दिवस भाकड राहिली, हे प्रथम विचारावे. बापाच्या, म्हणजे रेड्याच्या, आईचे दूधही तितकेच महत्त्वाचे आहे. नोंद नसल्यास महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचे दूध मोजून वहीत लिहिण्यास आजच आरंभ करावा.

बांधा : छाती खोल, पाठ सरळ, कमरेचा भाग रुंद, पाय सरळ, कातडी मऊ आणि चारही सड सारख्या अंतरावर असावेत. गुबगुबीत वगार अधिक दूध देईल असे समजू नये; लहानपणी कासेत चरबी साठल्यास दूध तयार करणाऱ्या ग्रंथींच्या वाढीस अडथळा येतो.

प्रगती : हीच खरी कसोटी होय. पुढील पायांच्या मागून छातीचा घेर व खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी सेंटीमीटरमध्ये मोजावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी करून १०,८४० ने भागावे. अंदाजे वजन किलोमध्ये मिळते. घेर १५० व लांबी ११५ असल्यास वजन सुमारे २३९ किलो भरते. मुऱ्हा जातीच्या वगारीचे वजन महिन्यास १२ ते १५ किलोने वाढत असल्यास वाढ समाधानकारक समजावी. २७५ ते ३०० किलो वजन झाल्यावर माजावर आलेली वगार भरवावी. गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा असतो. त्यामुळे चांगली निगा राखल्यास तीन ते साडेतीन वर्षांच्या वयात पहिले वेत मिळू शकते.

वगार खुजी दिसली म्हणून ती लगेच विकून टाकू नये. ती वाणानेच खुजी आहे, की उपाशी व जंतांनी पोखरलेली आहे, हे आधी ठरवावे. पशुवैद्यकाच्या सल्ल्याने जंताचे औषध द्यावे, हिरवी वैरण व पेंड नियमित घालावी आणि तीन महिने दरमहा माप घ्यावे. आई दुधाळ असेल आणि फितीवरील आकडा वाढत असेल, तर ती वगार राखावी. पोटभर खाऊनही आकडा हलत नसेल, तरच तिचा मोह सोडावा.

नव्या पारडीस जन्मल्यापासून दोन तासांच्या आत चीक पाजावा आणि पहिल्या दिवशी तिच्या वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतका चीक दोन-तीन वेळा विभागून द्यावा. ग्रामसेवकांनी प्रत्येक गोठ्यात एक मोजफीत व एक वही असेल असे पाहावे. आज पारडीच्या तोंडून काढून घेतलेले दूध उद्याच्या म्हशीच्या कासेतून वजा होते, हे शेतकरी बंधूंनी विसरू नये.